खारीनं काय खाल्लं?

मी दारात पोचले तेव्हा अप्पांचे फक्त पाय दिसत होते. बाकीचे अप्पा पलंगाखाली होते.

"अप्पा?"

"आलीस का शैला? चप्पल बाहेरच काढ. आणि खुर्चीवरची बॅटरी दे जरा इकडं."

मी बॅटरी त्यांच्या हातात सरकवली. पलंगाखालून धूळ फुंकल्याचा, काहीतरी ओढल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच नाही. सांगलीहून सकाळची पहिली गाडी धरून मी आले होते. आदल्या दिवशी अप्पांचा फोन आला होता. "खारीला रक्ताची उलटी झाली," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला होता. पुन्हा लावला तर उचलला नव्हता.

"अप्पा, खारी कुठाय?"

"पडवीत. ऊन येतं तिथं. तिला हलवू नकोस, आत्ताच डोळा लागलाय."

पडवीच्या कोपऱ्यात, आईच्या जुन्या लुगड्याच्या घडीवर खारी पडली होती. एरवी मी फाटकाची कडी काढायच्या आधी तिचं नाचणं सुरू व्हायचं. त्या दिवशी तिनं डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं, शेपटीचं टोक जमिनीवर एकदा आपटलं आणि डोळा मिटून घेतला. मी तिचा ओठ वर करून पाहिलं. हिरड्या धुतलेल्या कापडासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या.

खारी आईची. साताऱ्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बेकरी होती, तिच्या भट्टीमागं ऊब धरून बसलेलं हे कुत्र्याचं पिल्लू आईनं पदरात घालून आणलं होतं. रंग अगदी भट्टीतून काढलेल्या खारीसारखा, तांबूस, कडेला जरा करपलेला. अप्पांनी तेव्हा आठवडाभर आईशी अबोला धरला होता. "घरात जनावर नको," असं त्यांचं म्हणणं. मग एका संध्याकाळी ते पेपर वाचत बसले असताना पिल्लू त्यांच्या पावलावर डोकं ठेवून झोपलं आणि अप्पा जेवायची हाक आली तरी उठले नाहीत. तिथून पुढं बोलायची सोय राहिली नाही. खारीला ओरडायचं ते आईनं, आणि तिची बाजू घ्यायची ती अप्पांनी.

आता खारी म्हातारी झाली होती. आई जाऊन दोन वर्षं होत आली होती. त्या घरात दोघंच राहत होते, अप्पा आणि खारी.

अप्पा पलंगाखालून निघायला लागले. आधी कोपर, मग खांदा, मग एक गुडघा टेकून लांब श्वास. भूमी अभिलेख खात्यात मोजणीचं काम करत त्यांनी सबंध जिल्हा पायी पालथा घातला होता. त्या चालण्यानंच गुडघे गेले होते. मी हात द्यायला गेले तर त्यांनी मान हलवली.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिच्या पोटात काहीतरी गेलंय. उंदराचं औषध असेल, नाहीतर दुसरं काही. काय गेलंय ते कळलं तर नेमकं औषध देता येईल. म्हणून शोधतोय. कालपासून शोधतोय."

"उभं राहून शोधा ना. असं रांगत कशाला?"

"उभं राहून मला दिसतं ते तिला दिसत नाही. तिला काय दिसतं ते बघायला नको का?"

असं म्हणून ते पुन्हा गुडघ्यांवर आले आणि स्वयंपाकघराकडं रांगू लागले. मी क्षणभर नुसती बघत राहिले. ज्यांच्यासमोर आम्ही बहीणभाऊ मोठ्यानं हसायचो नाही, ते माझे वडील, पांढरा लेंगा काळा करून घरभर रांगत होते. मी पदर खोचला आणि त्यांच्या मागोमाग रांगायला लागले.

मी त्याच घरात जन्मले, वाढले, तिथूनच लग्न होऊन गेले. पण ते घर तेवढ्या उंचीवरून मी कधी पाहिलं नव्हतं. निदान आठवत तरी नव्हतं. ओट्याखाली कुत्र्याला बाधणाऱ्या कांद्यांची टोपली होती, तिच्यातला एक कांदा सुटून भिंतीला लागला होता. गॅसच्या नळीशेजारी झुरळांच्या खडूची रेघ. कपड्यांच्या ट्रंकेमागं डांबराच्या दोन गोळ्या, पेपरमिंटसारख्या दिसणाऱ्या. टीव्हीची वायर एका जागी उघडी पडली होती आणि तिच्यावर दातांच्या जुन्या खुणा होत्या. डासांच्या कॉइलचा तुकडा. प्लॅस्टिकची पिशवी, तिला आतून खाण्याचा वास. शिवणाच्या मशिनखाली फटीत अडकलेली सुई, तिच्यात आईनं ओवलेला निळा दोरा तसाच.

सुई अप्पांनी नखानं काढली. उजेडात धरली. दोरा ओढून काढला नाही, तशीच मशिनच्या खणात ठेवली.

"इतकं सगळं होतं बघ," ते म्हणाले. "इतकं सगळं तिच्या तोंडासमोर होतं आणि ती इतकी वर्षं जगली. नशिबानंच म्हणायचं."

अंगणात कण्हेर होती. तिची पानं विषारी असतात असं मी कुठंतरी वाचलं होतं. मी ते बोलून गेले मात्र, अप्पा कोयता घेऊन निघाले. आईनं लावलेली कण्हेर त्यांनी बुंध्यापासून छाटली. त्यांच्या हातांना चीक लागला तर मीच ओरडून हात धुवायला लावले.

कण्हेर पडली, कांदे फडताळात वर गेले, गोळ्या आणि कॉइल कचऱ्यात गेली. पण खारीनं काय खाल्लं होतं ते सापडलं नव्हतं.

दुपारी सिंधूताई आली. आईच्या काळापासून आमच्याकडं धुणंभांडी, फरशी तीच करायची. येताना खारीसाठी पदरात भाकरीचा तुकडा बांधून आणायची, तिचा स्वतःचा नेम असल्यासारखा. त्या दिवशीही तिनं आधी पडवीत बसून तुकडा पुढं केला. खारीनं तोंड फिरवलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला.

मग ती बादली घेऊन न्हाणीघराकडं गेली. अप्पा दारातच उभे होते. त्यांच्या हातात फिनेलची बाटली होती.

"सिंधू, हे झाकण कुणी उघडं ठेवलं?"

"झाकण ढिलंच हाय त्याचं, अप्पा. कधीपासून."

"तू फिनेलचं पाणी बादलीत करतेस आणि बादली तशीच ठेवून कचरा टाकायला जातेस. मी पाहिलंय."

"जाते. पण खारी न्हाय जात त्या बादलीजवळ. वासानं शिंकत बाहेर पळती."

"तहान लागल्यावर कोण वास बघतं? माणूस बघत नाही, ती तर मुकं जनावर. तुझ्या हलगर्जीपणानं ती मरायला टेकलीय, सिंधू!"

अप्पांचा आवाज इतका चढलेला मी फार वर्षांत ऐकला नव्हता. सिंधूताईनं बादली खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणी ओळखीच्या माणसानं आपल्याला रस्त्यात ओळखच दाखवू नये, तसा तिचा चेहरा झाला होता.

"वैनी होत्या तेव्हापासून येते मी या घरात," ती म्हणाली. "वैनींनी मला कधी असं म्हटलं नसतं."

खराटा भिंतीला उभा करून ती निघाली. पडवीत खारीपाशी थांबली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि फाटक नीट लावून गेली.

"अप्पा, असं बोलायला नको होतं," मी म्हणाले.

"मग कुणी दिलं तिला विष? मी?"



सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर नलवडे संध्याकाळी स्वतः घरी आल्या. तरुण बाई, दिवसभर गाईम्हशींत काम केलेली, बुटांना शेण. पडवीच्या खांबाला त्यांनी सलाइनची बाटली बांधली आणि खारीच्या पायाची शीर शोधू लागल्या. खारीनं हूं की चूं केलं नाही.

"काका, काही सापडलं का?"

"फिनेल असावं."

"फिनेलनं तोंड भाजतं. हिचं तोंड साफ आहे. शी काळी डांबरासारखी होतेय, म्हणजे रक्त पोटातच जातंय. बाहेरचं काही खाते का ही? उकिरड्यावर वगैरे?"

"छे! घरचंच खाते. दूधभात, भाकरी. बाहेरचं तोंडात घेत नाही."

"गोचीड ताप नाही, ते मी तपासलं. उंदराच्या औषधावरचं इंजेक्शन देऊन ठेवते. दोन दिवस तोंडावाटे काही देऊ नका. पोटाला विश्रांती. मग थोडी पेज."

डॉक्टर गेल्यावर अप्पा सलाइनच्या थेंबांकडं बघत बसले. मला मात्र वेगळीच काळजी लागली होती. रविवारी दादा येणार होता. माझा थोरला भाऊ शशिकांत, पुण्यात मोठ्या कंपनीत. आई गेल्यापासून त्याचं एकच चाललं होतं, अप्पांनी पुण्याला यावं. त्याच्या सोसायटीत लिफ्ट होती, खाली बाग होती, तळमजल्यावर दवाखाना होता. कुत्र्याला मात्र परवानगी नव्हती. खारीसाठी त्यानं एक जागाही बघून ठेवली होती, म्हाताऱ्या कुत्र्यांना सांभाळणारी. अप्पा दर वेळी "बघू" म्हणायचे. या रविवारी दादा ते "बघू" संपवायला येणार होता.

"अप्पा, दादाला खारीचं कळवलंय का?"

"कशाला? तो म्हणेल, तुम्हाला एक कुत्रं सांभाळता येत नाही."

नंतरचे दिवस आम्ही पडवीतच काढले. थंडीचे दिवस होते. सकाळी अजिंक्यताऱ्यावरून धुकं उतरून अंगणात यायचं आणि नऊच्या सुमाराला एकदम ऊन पडायचं. अप्पा खारीची घडी त्या उन्हाबरोबर सरकवत न्यायचे, खांबापासून पायरीपर्यंत. मी चहा करायचे. आम्ही आईबद्दल बोलायचो. ती खारीला आंघोळ घालताना स्वतःच कशी भिजायची, गौरीच्या नैवेद्यातली पुरणपोळी खारीनं पळवली तेव्हा "गौरीनंच खाल्ली" म्हणून तिनं पाहुण्यांना कसं सांगितलं. अप्पा हसायचे. लग्नानंतर इतके सलग दिवस मी वडलांजवळ कधी बसले नव्हते. घरात आजारपण होतं, तरी त्या सकाळींची आठवण माझ्या मनात उन्हासारखीच आहे.

आणि खारी सुधारत होती. उलटी थांबली. हिरड्यांना किंचित रंग आला. शनिवारी सकाळी ती उठून उभी राहिली, मागचे पाय थरथरत, आणि लंगडत अंगणापर्यंत जाऊन आली. मी पातळ पेज केली. तिनं ती चाटून संपवली आणि वाटीही ढकलत नेली. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आत गेले.

मी वाटी धुवून परतत होते. फडताळाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग कागदाचा चुरचुर आवाज. अप्पा बाहेर आले ते हातात कंदी पेढा घेऊन. ते स्वतः गोड खात नसत. खारी त्यांच्याकडं बघून उभी राहिली, कान मागं, अगदी पूर्वीसारखी. अप्पांनी पेढा मध्ये फोडला, अंगठ्यानं खळगा केला आणि त्यात काहीतरी दाबून पेढा पुन्हा बंद केला.

"अप्पा! थांबा!"

खारीनं तोंड उघडलं होतं. मी जवळजवळ उडी मारूनच त्यांचा हात धरला.

"काय आहे त्यात?"

"अगं, काय झालं? गोळी आहे."

"कसली गोळी? डॉक्टरांनी दिलेली?"

"नाही, माझीच. गुडघ्याची." त्यांना माझ्या ओरडण्याचं नवल वाटत होतं. "बघितलंस ना कशी लंगडते? दुखतं तिला. मी सकाळी एक घेतो, तिला अर्धी देतो. ती लहान आहे ना माझ्यापेक्षा."

मी त्यांच्या हातातून पेढा काढून घेतला.

"कधीपासून देताय?"

"थंडी पडली तेव्हापासून. गुण येतो गं. चार पावलं बरी चालते. आजारात बंद होत्या, काही खातच नव्हती म्हणून. आज पेज खाल्ली, म्हटलं आता..."

ते बोलता बोलता थांबले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग खारीकडं, मग माझ्या हातातल्या फुटक्या पेढ्याकडं. त्यात अर्धी पांढरी गोळी दिसत होती.

मी आत जाऊन गोळ्यांचं पाकीट आणलं.

मी डॉक्टर नलवड्यांना फोन लावला. गोळीचं नाव वाचून दाखवलं. पलीकडून त्यांनी एक सुस्कारा सोडला.

"अहो, मग हेच. माणसाच्या सांध्यांच्या गोळ्या कुत्र्याच्या पोटाला सोसत नाहीत, अर्धीसुद्धा नाही. आत व्रण पडतात, मूत्रपिंडं जातात. गोळी बंद झाली म्हणूनच ही वाचली. मी विचारायला हवं होतं, औषध काही देता का म्हणून. मी खाण्याचंच विचारत राहिले. आता पोटाचं औषध लिहून देते, आणि कुत्र्यांची दुखण्याची गोळी वेगळी असते, ती पोटातले व्रण भरून आल्यावर बघू. काकांना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका. पुष्कळजण देतात, मायेनंच देतात."

मी हे सगळं अप्पांना सांगितलं. शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं. ते पायरीवर बसले होते. खारी त्यांच्या पावलाशी बसून पेढ्याची वाट बघत होती.

"ती उड्या मारत यायची माझ्याकडं सकाळी," अप्पा म्हणाले. "मी हाक मारली की."

मी त्यांच्या शेजारी बसले. मनात विचारांची नुसती घाई झाली होती. उद्या दादा येणार. त्याला हे कळलं तर संपलंच. आज कुत्र्याला भलती गोळी दिली, उद्या स्वतः भलती घेतील, असं तो म्हणणार, आणि त्याला चूक तरी कसं म्हणायचं?

"अप्पा, ऐका. दादाला काही सांगायचं नाही. गोचीड ताप होता, बरी झाली. बास."

अप्पा उठले, आत जाऊन टोपी घातली, काठी घेतली.

"कुठं निघालात?"

"सिंधूकडं."

सिंधूताईचं घर आमच्या उतारापासून खाली, ओढ्याच्या पलीकडं होतं. मी रिक्षा आणते म्हणाले तर ऐकलं नाही. मी मागोमाग चालत राहिले. उतरताना गुडघे जास्त दुखतात. दर थोड्या अंतरावर ते कुणाच्या तरी फाटकाला धरून थांबत होते.

सिंधूताई दारात धान्य निवडत बसली होती. तिनं आम्हाला पाहिलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

अप्पा अंगणात उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली.

"सिंधू, मी तुला बोललो ते खोटं होतं. फिनेल नव्हतं. मीच तिला माझ्या गोळ्या देत होतो, पेढ्यातून. त्यानं झालं."

सिंधूताईचे हात थांबले.

"तुमी?"

"मी."

मग ती म्हणाली, "तवापासनं झोप न्हाई मला. खरंच बादली उघडी राहिली हुती का, म्हणून आठवत बसले. माझ्याच हातानं झालं आसंल, असं वाटाय लागलं हुतं."

"माझी चूक झाली. तुझ्यावर घातली, ती त्याहून मोठी झाली."

"खारी हाय का?"

"आहे. पेज खाल्ली."

सिंधूताईनं पदरानं डोळे पुसले आणि सूप बाजूला ठेवलं. "मग उभं का ऱ्हायलाय? बसा आधी. पाय कापाय लागलेत तुमचं." आणि आत वळून सुनेला चहा टाकायला सांगितलं. चहात साखर जास्त झाली होती. अप्पांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्याला.

रविवारी दादा आला. गाडी फाटकाशी लावून, हातात फळांची पिशवी. आल्याबरोबर त्याची नजर छाटलेल्या कण्हेरीवर गेली, मग पडवीतल्या सलाइनच्या रिकाम्या बाटलीवर.

"हे काय? कुणाला सलाइन? अप्पा, तुम्हाला?"

"मला नाही, खारीला."

"काय झालं तिला?"

मी ठरवलेलं वाक्य ओठांवर आणलं. "अरे दादा, गोचीड..."

"मी तिला माझ्या गुडघ्याच्या गोळ्या दिल्या," अप्पा म्हणाले. "दोन महिने. पोटात रक्त झालं. मरता मरता वाचली."

दादा खुर्चीवर बसला. फळांची पिशवी त्याच्या मांडीवरच राहिली.

"अप्पा, मी काय सांगतोय दोन वर्षं? काय सांगतोय? एकट्यानं जमत नाही आता. आज तिला दिल्यात, उद्या स्वतःच चुकीचं काही घ्याल, आणि इथं बघायला कोण आहे? शैला सांगलीला, मी पुण्याला. फोन आला की काळजात धस्स होतं माझ्या, माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत आहे."

"मग? ती मुकी आहे, तिला कळत नाही. तुम्हाला तर कळतं ना? डॉक्टरला न विचारता गोळ्या कसल्या देता?"

अप्पा पडवीच्या कठड्याला टेकून उभे होते. सिंधूताई आतून फरशी पुसत दारापर्यंत आली होती, ती तिथंच थांबली.

"शशी," अप्पा म्हणाले, "तुझ्या आईची पाठ दुखायची. आठवतं?"

दादानं मान खाली घातली. आम्हा दोघांनाही आठवत होतं. वाकून काम केल्यानं दुखते, असं आई म्हणायची. कधी ओवा बांधायची, कधी तेल लावायची. वर्षभरानं तिला उठताच येईना तेव्हा मुंबईला नेलं आणि दुखणं हाडांत पसरलंय असं कळलं. तिथून पुढं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

"ती तोंडानं सांगत होती, दुखतं म्हणून," अप्पा म्हणाले. "मराठीत सांगत होती. एकाच घरात, एका भिंतीला टेकून आम्ही बसायचो. आणि मी म्हणायचो, जरा पड, बरं वाटेल. मला ऐकू आलं, पण कळलं नाही. ही तर बोलतही नाही. ही लंगडायला लागली तेव्हा मी म्हटलं, या खेपेला उशीर करायचा नाही. दुखतंय तर आजच काहीतरी द्यायचं. हाताशी जे होतं ते दिलं."

दोन वर्षांत अप्पा आईच्या पाठीबद्दल एक शब्द बोलले नव्हते. आम्हाला वाटायचं, त्यांनी ते मागं टाकलं.

"तुझं बरोबर आहे," अप्पा पुढं म्हणाले. "चूक झाली. पण मोजणी चुकली तर मी पुन्हा साखळी टाकायचो रे. शेत सोडून जायचो नाही. इथून पुढं विचारल्याशिवाय तिला काही देणार नाही, आणि स्वतःही काही घेणार नाही. बाकी तू म्हणशील तसं."

त्यानंतर पाच वर्षं अप्पा त्याच घरात राहिले. खारी त्यातली दोन वर्षं त्यांच्याबरोबर होती, आणि गेली ती उन्हात झोपल्या झोपल्या गेली. दादा पुढं महिन्यातून एकदा तरी यायचा आणि आला की औषधांचा डबा काढून बसायचा. ही सगळी माणसं आता नाहीत. दादासुद्धा नाही. घराच्या जागी दुसऱ्या कुणाचा बंगला उभा आहे. सातारला जाणं होतं तेव्हा मी त्या उतारावरून मुद्दाम चालत जाते आणि मला तो रविवारच दिसतो.

दादानं फळांची पिशवी खाली ठेवली. तो खुर्चीवरून उठला आणि इस्त्रीच्या पँटीसकट पडवीच्या फरशीवर खारीसमोर मांडी घालून बसला. लहानपणानंतर त्याला जमिनीवर बसलेलं मी पाहिलं नव्हतं. खारीनं त्याचा हात हुंगला.

"कुठला पाय दुखतो हिचा?" त्यानं विचारलं.

"मागचा. डावा," अप्पा म्हणाले. "थंडीत जास्त."

दादानं तो पाय अलगद तळहातावर घेतला आणि अंगठ्यानं हळूहळू चोळू लागला. खारीनं आधी पाय आखडला, मग सैल सोडला. दादा मान वर न करता चोळत राहिला. मग तसाच, खाली बघत, त्यानं विचारलं,

"आणि तुमचा कुठला दुखतो, अप्पा?"

अप्पांनी काठी भिंतीला टेकवली. कठड्याला धरत, सावकाश, ते दादाच्या शेजारी खाली बसले.

"दोन्ही," ते म्हणाले.